आंब्याखालची हिरवळ तिसऱ्यांदा लावण्याआधी

पत्र:

मावशी, सादर नमस्कार.

आम्ही इंदूरला तिलकनगरात राहतो. घराच्या मागे, दक्षिणेला, ३० बाय २४ फुटांची मोकळी जागा आहे. माझ्या सासऱ्यांनी ३० वर्षांपूर्वी तिथं स्वतःच्या हातांनी दूर्वा खोसून हिरवळ केली होती. बाबा आता ८३ वर्षांचे आहेत. रोज सकाळी तिथंच खुर्ची टाकून पेपर वाचतात, थंडीत दवावर अनवाणी चालतात. दोन वर्षांपूर्वी मागच्या प्लॉटवर तीन मजली इमारत झाली. त्याच सुमारास आम्ही घराचं प्लास्टर नवं केलं, तो मलबा चार महिने मागेच पडून होता. हिरवळ गेली. मागच्या जुलैत कार्पेट लॉन, म्हणजे मातीसकट गुंडाळी करून येणारं तयार गवत, घातली, सप्टेंबरात संपली. फेब्रुवारीत लेकीच्या लग्नाचा मांडव चार दिवस तिथंच होता. मार्चमध्ये पुन्हा कार्पेट घातली. महिनाभर सुंदर, मग पिवळी, मग नुसती माती. पूर्वेच्या भिंतीशी नळाजवळ बाबांची जुनी दूर्वा हातभर उरली आहे, गणपतीला तिथूनच काढतो. आंब्याचा पाला रोज कचरागाडीत देतो. माळी म्हणतो, पश्चिमेच्या कोपऱ्यातला आंबा काढा, सहा इंच लाल माती टाका, तिसऱ्यांदा कार्पेट घाला. यंदा लेकीचा पहिला दिवाळसण आहे. सावलीत टिकेल असं कोणतं गवत लावू?

– एक सून, तिलकनगर, इंदूर

उत्तर:

प्रिय ताई,

माळीदादांना आजच थांबवा. आंब्याला कुऱ्हाड लावू देऊ नका, आणि लाल मातीची ट्रॉली सांगितली असेल तर नको म्हणून कळवा. बाकी सगळं सावकाश करता येईल, पण या दोन गोष्टी एकदा झाल्या की परत फिरवता येत नाहीत.

दोनदा पैसे आणि जीव ओतून झाल्यावर ‘कोणतं गवत’ हाच प्रश्न मनात येणार, हे मला समजतं. पण तुमच्या पत्रात मला गवताची चूक कुठंच दिसत नाही. तुमच्या ७२० चौरस फुटांत गवताची जागा नेमकी किती, हे कुणी मोजलेलंच नाही. माझ्या अंदाजाने ती निम्म्याहून कमी आहे. तेवढ्यावर समाधान मानायची तयारी असेल, तर दिवाळसणाला तुमच्या घरामागे खरी, रुजलेली हिरवळ असेल.

‘महिनाभर सुंदर, मग पिवळी’ या एका ओळीत निदान आलं आहे. कार्पेट लॉन ज्या शेतात वाढवतात तिथं डोक्यावर झाड नसतं. दिवसभर उन्हात वाढलेलं ते गवत आपल्या मुळांत आणि जमिनीलगत धावणाऱ्या खोडांत अन्न साठवून ठेवतं. गुंडाळी होऊन तुमच्या दारी येतं तेव्हा ही शिदोरी त्याच्याजवळ असते. तीन-चार आठवडे ते तिच्यावर हिरवंगार राहतं आणि आपल्याला वाटतं, रुजलं! खरं तर सावलीत त्याची रोजची कमाई खर्चापेक्षा कमी पडत असते. शिदोरी सरत आली की पानं लांब आणि लेचीपेची होतात, मग विरळ होतात, मग माती दिसते. अशा वेळी आपण घाबरून पाणी वाढवतो, युरिया टाकतो. युरियाने गवत नवं पान काढायच्या मागे लागतं आणि उरलीसुरली शिदोरी आणखी लवकर संपवतं. तुमच्याकडे नेमकं हेच झालं असणार. यात तुमच्या हाताचा दोष नाही, आणि बहुधा त्या कार्पेटचाही नाही.

आपली दूर्वा, म्हणजे हरळी, फार चिवट. मे महिन्यात रस्त्याच्या कडेच्या तापलेल्या मुरमात ती जगते, गाई-गुरांनी कुरतडली तरी पुन्हा फुटते. नर्सरीत ‘सिलेक्शन वन’ किंवा ‘बर्म्युडा’ म्हणून मिळतं ते तिचंच भावंड. पण या घराण्याला रोज सहा ते आठ तास थेट ऊन लागतं. तहान सोसेल, तुडवणं सोसेल, सावली सोसणार नाही. नळाजवळची बाबांची दूर्वा टिकली, कारण तिथं ऊन आहे. नळाचं पाणी हे त्याचं कारण नव्हे. पाणी तर तुम्ही आंब्याखालीही देत असणार.

तेव्हा पहिलं काम ऊन मोजण्याचं. त्यासाठी कुठलंही यंत्र नको, घरातली रांगोळी पुरे. निरभ्र आभाळाचा एक दिवस निवडा. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला मागे जा आणि जमिनीवर सावलीची कड जिथं असेल तिथं रांगोळीची रेघ ओढा. दर तासाला रंग बदला, रेघेजवळ वेळ लिहा. संध्याकाळी ओट्यावर उभं राहून पाहिलंत की कुठल्या तुकड्याला किती तास ऊन मिळालं ते डोळ्यांपुढे असेल. कागदावर उतरवून ठेवा. आंब्याच्या पानांतून गाळून येणारं कवडशांचं ऊन थेट ऊन म्हणून धरू नका. त्याच्या एका तासाला निम्मा तास धरा.

हे केलंत की एक गोष्ट तुम्हाला चकित करील. पत्रात तुमचा सगळा रोख नव्या इमारतीवर आहे. पण इंदूर साधारण २२.७ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या जरासं खाली आहे. जूनच्या सुरुवातीला आणि पुन्हा जुलैच्या सुरुवातीला भरदुपारी सूर्य आपल्या अगदी डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. इमारत तीस फूट उंच धरली तर तिची भरदुपारची सावली जूनमध्ये जवळपास शून्य, सप्टेंबरच्या अखेरीस साधारण साडेबारा फूट आणि डिसेंबरच्या अखेरीस एकतीस फुटांच्या आसपास. म्हणजे ती इमारत हिवाळ्याचं ऊन अडवते आणि तेव्हा तुमची सगळी जागा झाकते, हे खरं. पण आपल्याकडे गवत जोमाने वाढतं ते पाऊस सुरू झाल्यापासून दसऱ्यापर्यंत, आणि त्यातल्या बहुतेक काळात दक्षिणेची इमारत गवताच्या फारशी आड येत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा दूर्वा तशीही झोपलेली असते. उन्हाळा-पावसाळ्यातलं ऊन आंबा खातो. आंबा दर वर्षी पसरत गेला, ते हळूहळू झालं म्हणून लक्षात आलं नाही. इमारत एकदम उभी राहिली, म्हणून डोळ्यांत भरली.

म्हणून आंबा तोडायचा का? नाही. २५-३० वर्षांचं झाड इंदूरच्या मे महिन्यात घराच्या मागच्या भिंतीवर सावली धरतं, ती सावली कुठल्याही हिरवळीपेक्षा मोलाची आहे. शिवाय शहरात झाड तोडायला परवानगी लागते. मध्य प्रदेशात त्यासाठी २००१ सालचा कायदा आहे, माळ्याच्या शब्दावर झाड जात नसतं. आंब्याला हलकं करता येतं, तेवढं करा. फळं उतरली की लगेच, जुलैच्या मध्यापर्यंत, जमिनीकडे झुकलेल्या खालच्या फांद्या आठ-दहा फुटांपर्यंत काढून घ्या आणि आतली दाटी, वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या विरळ करा. एका वर्षात पाव भागाहून जास्त घेर काढायचा नाही. जाड फांदी आधी खालून थोडी कापून मग वरून कापायची, म्हणजे साल सोलत खाली येत नाही. कापलेल्या जागी बुरशी रोखणारं बोर्डो मलम लावा. उशीर करू नका. आंब्याला मोहोर येतो तो पावसाळ्यात फुटून पक्व झालेल्या फांद्यांवर. ऑक्टोबरात छाटलंत तर पुढच्या वर्षी कैरीला मुकाल.

लाल मातीबद्दल मी इतकी कठोर का आहे ते सांगते. खूप वर्षांपूर्वी आमच्या घरी चिकूचं मोठं झाड होतं, माझ्या सासूबाईंनी लावलेलं. हिरवळ सपाट हवी म्हणून मी एका ठेकेदाराचं ऐकून त्याच्या बुंध्याभोवती आठ इंच माती भरून घेतली. पहिल्या वर्षी काही दिसलं नाही. दुसऱ्या वर्षी शेंड्याची पानं लहान आली, तिसऱ्या वर्षी पावसाळ्यानंतर झाड वाळलं. सासूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि तेच मला आजही सलतं. झाडाची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या फूट-दीड फुटात असतात, त्यांना हवा लागते. वरून जाड थर पडला की ती गुदमरतात. बुंध्याची साल मातीत गाडली गेली की कुजू लागते. तुमच्या आंब्याखाली एका वेळी अर्ध्या-एक इंचाहून जास्त माती किंवा खत पसरायचं नाही, आणि बुंध्याभोवती हातभर जागा मोकळीच ठेवायची.

लाल मातीत दुसराही धोका आहे. आपली माळव्याची काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यावर वेगळ्या जातीचा थर टाकला की पाणी दोन थरांच्या सांध्याशी अडतं. वरून पाहावं तर माती ठणठणीत, खाली मुळं चिखलात. ‘रेती मिसळा’ असंही कुणीतरी सांगेल. थोड्या रेतीने काळी माती भुसभुशीत होत नाही, उलट विटेसारखी बसते. फरक पडायचा तर मातीच्या निम्म्याहून जास्त रेती घालावी लागेल, आणि मग ती बाग राहणार नाही. काळ्या मातीचं औषध एकच, कुजलेलं खत, आणि ते दर वर्षी.

तुमच्या मातीचं दुखणं काय, ते आधी पाहून घ्या. पाणी दिल्यावर दोन दिवसांनी जाड पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, जमिनीत दाबा. तळहाताच्या जोराने चार इंच गेला तर ठीक. दोन इंचांवर अडला तर जमीन तुडवून घट्ट झाली आहे. चार दिवसांचा मांडव, शेकडो पाहुणे, भांड्यांचे ढीग, त्याआधी चार महिने मलबा, यानंतर तो अडणारच. मलब्याची आणखी एक खोड आहे. सिमेंट आणि प्लास्टरमधला चुना जमिनीत उतरतो. काळी माती मुळातच अल्कधर्मी, त्यात आणखी चुना मिळाला की गवताला लोह घेता येत नाही आणि शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा असं पान दिसतं. आचाऱ्याची भट्टी जिथं होती तिथली राख आणि जळकी माती खरवडून काढून टाका. साबणाचं पाणी जिथं ओतत होते त्या जागी दोन-तीनदा भरपूर पाणी सोडून निचरा होऊ द्या.

खणायचं केव्हा? आता मे महिन्यात काळी माती दगड असते, पहिल्या पावसात लोणी होते. दोन्ही वेळा हात लावायचा नाही. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात तो यावा लागतो. मूठभर माती दाबा. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर तो फुटला, तर वाफसा आहे. चेपला आणि बोटाला चिकटला, तर दोन दिवस थांबा. ओल्या काळ्या मातीत एक दिवस कुदळ चालवलीत तर वर्षभर ढेकळं फोडत बसाल. पावसाची वाट न पाहता जूनच्या पहिल्या आठवड्यात पाणी देऊन, तीन-चार दिवसांनी वाफसा धरून काम उरकता येईल. पाऊस इंदुरात जूनच्या उत्तरार्धात स्थिरावतो, तोवर जमीन तयार हवी.

रांगोळीच्या नकाशावर बहुधा तीन पट्टे दिसतील. पूर्वेच्या भिंतीकडचा उन्हाचा, मधला अर्ध्या उन्हाचा आणि आंब्याखालचा सावलीचा. तिन्हींना वेगळी वागणूक द्यायची.

पूर्वेचा पट्टा दहा फूट रुंद धरला तर २४० चौरस फूट झाले. इथं आंब्याची मोठी मुळं नसतील, म्हणून सहा इंच खणा, विटांचे तुकडे, खिळे, प्लास्टरची ढेपळं वेचून काढा. वर दोन इंच कुजलेलं खत पसरून मिसळा. ते साधारण ४० घनफूट लागेल, म्हणजे वीस-बावीस पोती. खत पूर्ण कुजलेलं, काळं, मातीसारख्या वासाचं हवं. कच्च्या शेणाने हुमणी आणि वाळवी येते आणि ती मग गवताची मुळं सोडत नाही. घरापासून बाहेरच्या बाजूला दहा फुटांना एक ते दोन इंच उतार ठेवा. काळ्या मातीत साचलेलं पाणी दोन दिवसांत गवत पिवळं करतं.

इथं थोडं थांबून एक सांगायचं आहे. तुमच्या पत्रात एक ओळ सहज येऊन गेली, ‘आंब्याचा पाला रोज कचरागाडीत देतो’. ताई, असं करू नका. १९२४ साली आपल्या इंदुरात, आज जिथं कृषी महाविद्यालय आहे त्या जागी, अल्बर्ट हॉवर्ड यांनी वनस्पती संशोधनाची संस्था उभी केली. शेतातला पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर लावून, ते ठरावीक वेळी खालीवर करून, तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत त्यांनी इथं बसवली. १९३१ साली त्यांनी आणि यशवंत वाड यांनी ती पुस्तकातून मांडली. आज सेंद्रिय शेती करणारे लोक जगभर तिला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. इंदूरच्या घरात बसून आपण पाला बाहेर टाकावा आणि पोत्याने खत विकत आणावं, याचं मला फार वाईट वाटतं. घरच्यासाठी सोपं करून सांगते. सावलीच्या कोपऱ्यात तीन-तीन फुटांचा चौकोन विटांनी आखा. आंब्याचं पान चिवट असतं, म्हणून आधी पायाने किंवा काठीने चुरा करा. अर्धा फूट पाला, त्यावर दोन इंच शेणकाला, त्यावर मूठभर राख आणि जुनी माती, असे थर तीन फुटांपर्यंत चढवा. ओल पिळलेल्या फडक्याएवढी राखा. साधारण दोन आठवड्यांनी, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी ढीग उलथा. आज लावलात तर ऑगस्टअखेरीस नव्या हिरवळीवर पसरायला घरचं खत तयार असेल.

मधल्या पट्ट्यात तीन-चार तास ऊन आणि बाकी वेळ कवडसे असतील तर बारीक, दाट पानांचं झोयझिया चालेल. नर्सरीत ते ‘कोरियन’ किंवा ‘मेक्सिकन’ या नावांनी मिळतं. सावली ते दूर्वेपेक्षा बरं सोसतं, पण फार सावकाश पसरतं. या दिवाळीला भरून येईल अशी आशा धरू नका. दुसरं, रुंद पानाचं गवत. ‘बफेलो’ आणि ‘कार्पेट ग्रास’ या नावांखाली नर्सऱ्या दोन वेगळी गवतं विकतात. दोन्ही सावली सोसतात. त्यातलं कोकण-केरळात सर्रास दिसतं ते आम्लधर्मी, सदा ओलसर जमिनीतलं, आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत पिवळं पडतं. दुसरं, ज्याची खोडं जाड आणि चपटी असतात आणि पानाचं टोक होडीसारखं बोथट असतं, ते अल्कधर्मी जमीन सोसतं. नावावर जाऊ नका, पान पाहा. आणि काहीही घ्यायच्या आधी एक-एक चौरस फुटाचे तुकडे आणून त्याच जागी लावा, दोन महिने थांबा. शिदोरी संपल्यावरही जे दाट आहे तेच वाढवा. हा थोडा उशीर तुमचा तिसरा खर्च वाचवील.

या पट्ट्यात आंब्याची मुळं असणार, म्हणून कुदळ नको. पहारीने फूट-फूट अंतरावर आठ-दहा इंच खोल भोकं पाडा, जाड मूळ लागलं तर जागा बदला आणि भोकात चाळलेलं खत भरा.

आणि आंब्याखाली, जिथं तीन तासांपेक्षा कमी ऊन आहे, तिथं गवत लावू नका. कुठलंच नाही. ही जागा मला सर्वांत आवडती, कारण सावलीत मराठी घराला हवं ते किती येतं! हळद येते, ओल राखलीत तर अळू येतं. ओलसर, जरा उजेडाच्या कडेला सोनटक्का लावा, पावसाळा सरता सरता संध्याकाळी त्याचा वास घरात येईल. रिओ, स्पायडर प्लँट, नेचे हे शोभेला. ब्राह्मी नळाच्या ओलीवर. झाडाखालचा पाला दोन इंच तसाच राहू द्या, ते अंथरूण मुळांना थंड ठेवतं. लावताना छोट्या खुरप्याने मुळांच्या मधली जागा शोधा, खड्डे खणू नका. पिवळ्या फुलांची वेडेलिया कुणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका. ती सावलीत छान पसरते, पण मग थांबत नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत तिचं नाव आहे.

पाण्याचं बोलू. ‘डग डग रोटी, पग पग नीर’ ही माळव्याची जुनी ओळख आपण ऐकत आलो, पण आज आपल्या नळाला येणारी नर्मदा ७० किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांनी चढवून आणलेली असते. शंभर चौरस फुटांना एक इंच पाणी म्हणजे सुमारे २३५ लिटर. रुजलेल्या दूर्वेला उन्हाळ्यात आठवड्याला साधारण एक इंच पुरतं. सगळ्या ७२० फुटांवर गवत ठेवलंत तर आठवड्याला सतराशे लिटर, पूर्वेच्या पट्ट्यापुरतं ठेवलंत तर पावणेसहाशेच्या आसपास. आठवड्यातून दोनदा, पहाटे, खोल द्या. किती दिलं ते कळायला श्रीखंडाचे दोन रिकामे डबे गवतावर ठेवा, त्यात अर्धा इंच पाणी साठलं की नळ बंद. सावलीत पाणी कमी लागतं. रोज संध्याकाळी थोडं थोडं शिंपडलं की शेवाळ आणि बुरशी येते, मुळं वरवरच राहतात.

कापणी पहिली उंची दोन-अडीच इंच झाल्यावर, आणि एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त नाही. उन्हात दीड इंच राखा, मधल्या पट्ट्यात अडीच. सावलीतल्या गवताला ऊन टिपायला पान लांब हवं, ते खरवडून कापणं म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढणं. युरिया फक्त उन्हाच्या पट्ट्यात, रुजल्यावर, पावसाळ्यात महिन्यातून एकदा, चौरस मीटरला दहा ग्रॅम, आणि लगेच पाणी. सावलीत नुसतं खत. लव्हाळा, ज्याला माळीदादा मोथा म्हणतील, उपटू नका. वरून तुटतो आणि खालच्या गाठीतून पुन्हा येतो, खुरप्याने गाठीसकट काढा. पावसात भूछत्रं उगवली तर भिऊ नका, जुन्या मुळांवरची ती, गवताला काही करत नाहीत.

बाबांच्या खुर्चीला मात्र पक्की जागा करून द्या. पूर्व आणि मधल्या पट्ट्याच्या सांध्यावर कोटा फरशीचे चार तुकडे जमिनीच्या पातळीत बसवा, ओट्यापासून तिथपर्यंत पावला-पावलावर एक-एक तुकडा. फरशी खरबरीत बाजू वर करून बसवा, पॉलिश केलेली पावसात घसरते. खुर्चीचे पाय आणि रोजची पायवाट गवतावरून हटली की निम्मी मोडतोड थांबते. दवावर चालायला पूर्वेचा पट्टा आहे, फक्त रोज वेगळ्या रेघेवरून. दिवाळसणाला पाहुण्यांच्या खुर्च्या आंब्याखाली पाल्यावर मांडा, मांडव गच्चीवर. डिसेंबरात हिरवळ तपकिरी दिसेल, ती मेलेली नसेल. तेव्हा खत-पाणी वाढवू नका.

आणि पूर्वेच्या उन्हाच्या पट्ट्यासाठी गवत विकत आणू नका. नळाजवळची हातभर दूर्वा आहे ना, तीच लावायची. ३० वर्षं तुमच्याच मातीत, तुमच्याच पाण्यावर वाढलेली आहे, कार्पेटपेक्षा तिची खात्री मला जास्त वाटते. एक चौरस फूट दाट दूर्वेतून दहा चौरस फूट लावण होते. कमी पडली तर ओळखीच्या बागेतली जुनी दूर्वा मागून आणा. दूर्वेच्या मंत्रातही ती कांड्याकांड्यातून, पेरापेरातून उगवते असंच म्हटलं आहे. दोन-तीन पेरांचा तुकडा, चार-चार इंचांवर, दोन पेरं मातीत आणि एक वर. पट्ट्याला दोन हजारांच्या वर तुकडे लागतील, दोन माणसांचं दिवसभराचं काम. जूनअखेरीस दोन चांगले पाऊस झाले की वाफसा बघून लावा, लावल्यावर हलक्या पायाने दाबा, पहिले दहा दिवस उघडीप पडली तर रोज झारीने पाणी. सहा ते आठ आठवड्यांत जमीन झाकेल, म्हणजे गणपतीच्या सुमारास.

बाबांना गुडघ्यांवर बसवणार नसाल, आणि बसवूही नका. पण तुकडे तोडायचं काम त्यांना द्या. ओट्यावर खुर्ची, समोर ओलं पोतं, त्यावर त्यांचीच दूर्वा. किती पेरांवर तोडायची ते त्यांना सांगावं लागणार नाही.